भुकेचे कौतुक पुरे : साताऱ्याच्या पुलावापासून लंडनच्या पापडापर्यंत

दरवर्षी ७ नोव्हेंबरला आम्ही साताऱ्यात प्रतापसिंह हायस्कूलमध्ये जमतो. १९०० साली याच तारखेला भिवा रामजी आंबेडकर हे नाव या शाळेच्या पटावर चढले. २०१७ पासून राज्य शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. हार होतात, मुलांची भाषणे होतात, आणि मोठ्यांच्या भाषणात एक प्रसंग हमखास येतो. लंडनला शिकताना बाबासाहेबांनी पापडावर रात्री काढल्या. वक्ता आवाज चढवून समोरच्या पोरांना विचारतो, "आणि तुम्हाला होस्टेलचे जेवण आवडत नाही?" पोरे माना खाली घालतात. टाळ्या पडतात.

आम्हीही हे वाक्य बोललो आहोत. आम्हीही त्या टाळ्या घेतल्या आहेत. हा लेख त्या टाळ्या परत करण्यासाठी आहे.

मागच्या हिवाळ्यात इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरातून फोन आला. माण तालुक्यातला मुलगा, घरी कोरडवाहू दोन एकर, आई मजुरीला जाते. त्याची जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, प्रवेशाची पत्रे हे सगळे जुळवताना आम्ही त्याच्याबरोबर वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. व्हिडिओवर बघितले तर गाल आत गेलेले. काय खातोस म्हणून विचारले. "पाव, नूडल्स. कधी अंडं." भाजी? "महाग आहे, दादा." भत्त्याचा हप्ता तीन महिने आला नव्हता, आणि आधीच्या हप्त्यातून त्याने बहिणीच्या नर्सिंगच्या फीसाठी पैसे घरी पाठवले होते. आम्ही रागावलो. अरे, तब्येत गेली तर डिग्री घेऊन काय करशील? तो शांतपणे म्हणाला, "बाबासाहेब तर पापडावर राहिले. तुम्हीच सांगितलं होतं ना, दादा."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. त्या रात्री आम्ही परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठीचे आहाराचे सल्ले वाचत बसलो. रोज पाच प्रकारची फळे-भाज्या खा. बदाम-अक्रोड जवळ ठेवा. घरची आठवण आली तर आईच्या हातचे तूप सोबत न्या. (हे शेवटचे तर करूच नका. दुधामांसाचे पदार्थ भारतातून ब्रिटनमध्ये न्यायला बंदी आहे. तूपही जाईल आणि साताऱ्याचे कंदी पेढेही जातील.) हे सल्ले खोटे नाहीत. पण विद्यार्थ्याला खायचे काय हे ठाऊक नाही, तेवढे सांगितले की झाले, असे गृहीत धरून ते लिहिलेले असतात. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही बोर्द्यू वाचला, चव ही वर्गाची खूण असते हे परीक्षेत लिहून गुणही मिळवले. पण ताटात काय पडते हे चवीच्याही आधी कुठे ठरते, ते आम्हाला आमच्याच जिल्ह्याच्या इतिहासाने शिकवले.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात साताऱ्याचे दिवस सांगितले आहेत. वाचक त्यातला पाण्याचा प्रसंग लक्षात ठेवतात. त्याच्या आधीचा परिच्छेद फारसा कोणी वाचून दाखवत नाही. आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या होत्या. वडील रामजी खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार म्हणून नोकरीला. तिथे दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकार तलाव बांधत होते. घरी भिवा, थोरला भाऊ, वारलेल्या बहिणीची दोन मुले आणि आत्या. आत्या फार प्रेमळ, पण पायाने अधू. कुणी धरल्याशिवाय तिला हलता येत नसे. बहिणी लग्न होऊन सासरी गेलेल्या. म्हणजे चार मुलांनी शाळाही करायची आणि चूलही पेटवायची. भाकरी-पोळी त्यांना जमेना. मग ती मुले पुलावावर राहिली. तांदूळ आणि मटण एकत्र करून शिजवले की झाले. त्यांना जमणारा सर्वांत सोपा पदार्थ तो.

या चार-पाच वाक्यांवर आम्ही बराच वेळ थांबलो. भाकरी का जमेना? कारण मुलग्याला भाकरी थापायला शिकवायची रीत आपल्यात नव्हती आणि अजून नाही. घरातली बाई गेली, आजारी पडली किंवा सासरी गेली की पुरुषाचे पोट उघडे पडते. परदेशात जाणारा आपला मुलगा विमानात बसतो तेव्हा त्याची स्थिती १९०१ च्या साताऱ्यातल्या त्या घरासारखीच असते, फक्त आत्यासुद्धा सोबत नसते. आणि दुसरी गोष्ट. त्या मुलांनी उपाशी राहायचे ठरवले नाही. भाकरी येत नाही तर जे येते ते शिजवले, आणि ते कसदारही होते. 'साधेपणा' म्हणून नुसता भात खाल्ला असता तर कदाचित आज त्याचीही भाषणे झाली असती.

पुढचा प्रसंग सर्वांना माहीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले वडिलांकडे निघाली, मसूर स्टेशनवर उतरली, जात कळताच गाडीवाल्यांनी नकार दिला, दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकून प्रवास करावा लागला. आम्ही फक्त अन्नापुरते बोलतो. त्यांच्याजवळ जेवणाचा डबा होता. अन्न भरपूर होते. भूक तर होतीच. तरी मुले न जेवता झोपली, कारण पाणी मिळाले नाही, आणि पाणी मिळाले नाही कारण ती अस्पृश्य होती. आहारशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात हा धडा नाही. ताटात अन्न असणे आणि ते खाता येणे यांच्यामध्ये समाज उभा असतो.

आता तोच भिवा परदेशी विद्यार्थी झाला तिथे येऊ. १९१३ च्या जूनमध्ये बडोदे सरकारशी करार झाला आणि महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर जुलैत भीमराव न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात ते जेमतेम आठवडाभर राहिले. तिथले जेवण त्यांना मानवले नाही. मग कॉस्मोपॉलिटन क्लब, आणि त्यानंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. धनंजय कीर यांच्या चरित्रात त्या वेळच्या जेवणाचा उल्लेख आहे : कॉफी, दोन मफिन आणि मांसाची नाहीतर मासळीची एक बशी. आम्हाला यात दोन गोष्टी दिसतात. जेवण मानवेना म्हणून त्यांनी जागा बदलली, सहन करत बसले नाहीत. आणि शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे असल्यामुळे हात राखून खर्च करावा लागत होता. माणच्या त्या पोराने बहिणीच्या फीचे पैसे पाठवले त्यात नवीन काहीच नाही. आपल्या समाजातला परदेशी विद्यार्थी एकटा कधी जेवतच नाही. त्याच्या ताटाला घरची चार माणसे बसलेली असतात. शिष्यवृत्तीचा हिशेब करणारे मात्र एकाच तोंडाचा हिशेब करतात, आणि तोही पुरा करत नाहीत.

लंडनचा काळ याहून कठीण. १९१६-१७ ची पहिली खेप बडोद्याच्या कराराची मुदत संपल्यामुळे अर्धवट तुटली. १९२० ला ते पुन्हा गेले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि भथेनांचे कर्ज अशी जुळवाजुळव करून. चरित्रकारांनी दिलेला तपशील असा : सकाळी घरमालकिणीने दिलेला पावाचा तुकडा, थोडी मासळी, कपभर चहा. दिवसभर ग्रंथालय, दुपारच्या जेवणाला फाटा. रात्री बोव्हरिलचा पेला आणि थोडी बिस्किटे. दहाच्या सुमारास पोटात आग पडली की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड भाजायचे. बसभाडे वाचवायला पायपीट.

बोव्हरिल म्हणजे मांसाचा अर्क. गरम पाण्यात चमचाभर घालून प्यायचा. खारट, ऊब देणारा, पण पोटाला आधार नाही. पापड म्हणजे उडदाचे थोडे पीठ आणि मीठ. हा आहार नव्हता, भुकेला फसवण्याची रीत होती. ज्या माणसाने त्या भुकेतून 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिला त्याचे मोठेपण आम्ही कमी करत नाही. पण भूक होती म्हणून प्रबंध झाला नाही. भूक असूनही झाला. हा 'असूनही' शब्द आपण भाषणातून कधी गाळला ते आपल्याला कळलेच नाही, आणि तो गळला की अन्यायाचे तपश्चर्येत रूपांतर होते. तपश्चर्येचे गोडवे कोण गाते, आणि गरिबाने उपाशी राहून शिकावे हे कोणाच्या सोयीचे असते, हे आंबेडकरी वाचकाला आम्ही सांगायला नको.

त्याच लंडनमध्ये बत्तीस वर्षे आधी मोहनदास गांधी गेले होते. त्यांचीही सुरुवातीला उपासमार झाली. आईला मांस न खाण्याचे वचन दिलेले, घरमालकिणीच्या बेचव भाज्यांनी पोट भरेना. मग ते मैलोन्मैल फिरले आणि फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी खाणावळ सापडली. पुढे ते लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर गेले, नियतकालिकात लेख लिहू लागले. पुढच्या काळात खोलीवर ओटची लापशी आणि कोको करून दिवसाला एक शिलिंग तीन पेन्समध्ये भागवू लागले. त्यांनी हे प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे आणि काटकसरीचे धडे म्हणून ते आजही उपयोगी आहेत. पण फरक बघा. त्यांच्या भुकेला नियमाचे कारण होते, आणि त्या नियमाला लंडनमध्ये मंडळ होते, खाणावळ होती, छापील कागद होता. बाबासाहेबांच्या भुकेला कारण खिसा होता. रिकाम्या खिशाचे मंडळ कुठेच नसते. आजही विमानात तिकिटाबरोबर 'जैन जेवण' मागता येते. सुकट-भाकरी कोणी मागून बघावी.

नियमाने पोट कसे मारले जाते याचे आपल्या मराठी इतिहासातले उदाहरण आनंदीबाई जोशींचे. १८८३ साली त्या फिलाडेल्फियाला वैद्यक शिकायला गेल्या. वय अठरा. जातीचे खाण्यापिण्याचे नियम शक्य तितके सांभाळायचे, म्हणजे स्वतःच रांधायचे. खोली थंड, शेगडी धूर ओकणारी, वर अभ्यास. तब्येत ढासळत गेली. १८८६ ला डिग्री घेतली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयाने वारल्या, बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. क्षय काही जेवणाच्या नियमाने होत नाही. पण त्या थंडीत, त्या आजारात, शेजारणीने शिजवलेले निःशंक खाता येणे हे औषधाइतके गरजेचे होते, आणि ते जातीने नाकारले. ब्राह्मण घरातली ही मुलगीही त्याच व्यवस्थेची बळी आहे. हे म्हणताना आम्हाला संकोच वाटत नाही.

मग बाबासाहेबांनी स्वतःच्या भुकेचे काय केले? तिचे देऊळ बांधले नाही. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ ला तिने सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. वसतिगृह म्हणजे आधी स्वयंपाकघर, मग अभ्यासिका. गरिबाच्या मुलाला शाळेची फी परवडेल, दोन वेळचे जेवण परवडत नाही. पुढे १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर असताना त्यांनी सरकारला निवेदन दिले, त्यात अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाचा खर्च सरकारने करावा अशी मागणी केली. पापडावर राहिलेल्या माणसाने पुढच्या पिढीसाठी पापड मागितले नाहीत. पैसे मागितले.

साताऱ्यात हेच काम दुसऱ्या वाटेने भाऊराव पाटलांनी केले. त्यांची गोष्टही जेवणाच्या दारातच सुरू होते. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर जैन बोर्डिंगात जेवणाआधी शुद्धीची आंघोळ करायला सांगितली गेली. त्यांनी ती नाकारली आणि बोर्डिंग सुटले. १९१९ ला कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था, १९२४ ला साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग. १९२७ ला गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन मुले एका पंगतीत बसत, आळीपाळीने पाणी भरत, भाकऱ्या भाजत, भांडी घासत. मुलग्यांनी भाकऱ्या भाजणे, हेही आम्ही क्रांतीतच धरतो. लक्ष्मीबाईंनी या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे रयतच्या कोणत्याही शाळेत शिकलेल्याला माहीत असते. त्या कर्मठ घरात वाढलेल्या बाई. अस्पृश्य पोराला घरात जेवू घालण्यापर्यंत त्यांना किती अंतर चालावे लागले असेल, त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.

आमचे म्हणणे इथे येते. आपल्या पोरांसाठी पहिला 'परका देश' साताऱ्याचे बोर्डिंगच होते. खेड्यातून आलेल्या मुलाला नव्या गावात कुणाच्या हातचे, कुणाच्या शेजारी, कोणत्या पैशाने खायचे हे तिथे सोडवले गेले. काले ते लंडन अंतर वाढले. प्रश्न बदलला नाही.

अलीकडचे आकडे घेऊ. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठी वर्षाचा निर्वाहभत्ता अनेक वर्षे ९,९०० पौंड होता, म्हणजे महिना ८२५. ब्रिटिश सरकारने व्हिसासाठी विद्यार्थ्याकडे महिन्याच्या खर्चाची जी रक्कम असावी असे ठरवले, ती जानेवारी २०२५ मध्ये लंडनबाहेर १,१३६ आणि लंडनमध्ये १,४८३ पौंड होती. भत्ता वेळेवर आला तरी तो कमी पडतो, आणि तो वेळेवर येत नाही. भाडे थकवता येत नाही, बसचा पास थकवता येत नाही. थकवता येते ते फक्त पोट. म्हणून हप्ता लांबला की आधी भाजी जाते, मग मासळी-अंडी, मग दुपारचे जेवण. 'सकस आहाराच्या सवयी' लावायच्या असतील तर पहिली सवय हप्ता पाठवणाऱ्याला लावावी लागेल. लंडनला किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मध्ये राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन घेतले. चांगले केले. आम्हीही तिथे जाऊन माथा टेकवू. पण स्मारकाला पैसे सापडतात आणि भत्त्याची फाइल टेबलावर पडून राहते, हे त्या घरात राहिलेल्या माणसाला आवडले नसते.

पैशाचे झाले. शेजाऱ्याचे बाकी आहे. सांगली जिल्ह्यातली आमच्या ओळखीची एक मुलगी परदेशात आपल्याच राज्यातल्या तिघींबरोबर राहायला गेली. घर बघताना आनंद, मराठी बोलायला मिळणार. आठवड्यात प्रश्न सुरू : आडनाव? गाव? रोज नॉनव्हेज खातेस? मग तव्याला खूण, फ्रिजमध्ये तिचा कप्पा खालचा, मग "तू बाहेरच खात जा ना". ती खोलीत बसून थंड सँडविच खाऊ लागली. घरी सांगितले नाही, कारण आई म्हणाली असती परत ये. तिला कोणत्या आहारतज्ज्ञाने काय सांगायचे? मसूरला १९०१ मध्ये डबा होता आणि पाणी नव्हते. इथे गॅस होता, मसाला होता, आणि स्वयंपाकघरात जायची सोय नव्हती. हे फक्त बाहेर घडते असेही नाही. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या मेसमध्ये शाकाहारींसाठी टेबले राखून ठेवली गेली आणि विरोध करणाऱ्या विद्यार्थ्याला १०,००० रुपये दंड ठोठावला गेला. जी पंगत साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वी मोडून एक केली, ती पुन्हा वेगळी मांडली जाते आहे आणि तिला आता 'आवडनिवड' म्हणतात.

या मुलीला आम्ही काय सांगितले? जागा बदल. बाबासाहेबांनी आठवड्यात हार्टले हॉल सोडला होता. तिने सोडली. आता ती एका नायजेरियन आणि एका श्रीलंकन मुलीबरोबर राहते, आणि तिघी मिळून सुकी मासळी शिजवतात. वास येतो म्हणून कोणी तक्रार करत नाही.

लाजेचा भागही मोठा आहे. आपले अन्न आपल्यालाच कमी वाटते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) लिहून दलितांच्या खाद्यसंस्कृतीला पुस्तकात जागा दिली, तोवर मराठी पाककृतींच्या पुस्तकांत आपले घर जवळजवळ नव्हतेच. मग परदेशात 'इंडियन फूड' म्हणून पोरे पनीर विकत घेतात, जे त्यांच्या घरी वर्षातून एकदा होत नाही, आणि हुलगा, सुकट, ज्वारी यांना गरिबीची खूण समजतात. खरे तर परक्या देशात स्वस्तात तब्येत राखायची तर आपल्या आजीच्या जेवणाइतके सोयीचे काही नाही. कोरेगावचा वाघ्या घेवडा घ्या. त्याला भौगोलिक मानांकन आहे. तो ज्या जातीच्या शेंगवर्गातला, त्याच जातीचे राजमा, पिंटो नावाचे ठिपक्यांचे दाणे तिकडे डब्यात उकडलेले, अगदी स्वस्त मिळतात. घरून नेलेली कांदालसूण चटणी दोन चमचे घातली की कोरड्यास तयार. सुका राजमा आणला तर रात्रभर भिजवा, ते पाणी टाका, आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळा. अर्धकच्चा राजमा विषारी असतो, आणि मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात तो नुसता ठेवून देणे धोक्याचे. लंडनच्या वेम्बलीत किंवा लेस्टरला गुजराती दुकानात 'जुवार' म्हणून ज्वारीचे पीठ मिळते. गोठवलेला पालक, मटार यांना कमी लेखू नका, ताज्याइतकेच कसदार असतात. डब्यातली सार्डिन मासळी म्हणजे आपल्या तारलीचीच बहीण. आणि हिवाळ्यात तिकडे ऊन नसते म्हणून तिथली सरकारी आरोग्यसेवा सर्वांनाच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला सांगते. सावळ्या कातडीच्या आपल्या लोकांनी तर वर्षभर घ्यावे. गोळी स्वस्त आहे. थकवा, अंगदुखी, उदास वाटणे याला आपली पोरे 'घरची आठवण' म्हणतात, त्यातला काही भाग ह्या कमतरतेचा असू शकतो.

हप्ता थकला आणि खिशात काहीच नाही, तर गुरुद्वाऱ्याच्या लंगरला जा. साउथॉलला जा, जवळ जो असेल तिथे जा. पंगतीत बसा, जात कोणी विचारत नाही, जेवून भांडी घासायला हात लावा. वुल्व्हरहॅम्प्टनला आपल्या आंबेडकरी बौद्ध मंडळींचे विहार आहे, तिथे ओळख काढा. यात कमीपणा नाही.

कमीपणा वाटतो तिथे एक जुनी गोष्ट सांगतो. भगवान बुद्ध आळवी गावी धम्म सांगायला गेले. एक गरीब शेतकरी हरवलेला बैल शोधत दिवसभर रानात फिरून उशिरा, उपाशीपोटी सभेत आला. सगळे उपदेशाची वाट बघत होते. बुद्धांनी आधी विचारले, भिक्षूंच्या जेवणातले काही शिल्लक आहे का? त्याला वाढायला लावले, तो पोटभर जेवेपर्यंत सभा थांबली, मग धम्म सांगितला. भिक्षूंनी नंतर कुरकूर केली तेव्हा त्यांनी सांगितले की भुकेने पीडलेल्या माणसाला उपदेश कळत नाही. स्वतः त्यांनीही सुजातेची खीर घेऊन उपासाचा मार्ग सोडला होता. मग आपण बौद्ध म्हणवणारे लोक ७ नोव्हेंबरला पोरांपुढे भुकेची आरती कशी म्हणतो?

माणच्या मुलाचे पुढे काय झाले ते सांगायला हवे. आम्ही सात-आठ जणांनी वर्गणी करून त्याला दोन महिन्यांपुरते उसने पाठवले. त्याला एक नवल भथेना हवा होता. प्रत्येकाला असा मित्र मिळत नाही, म्हणून आता तो निधी कायम ठेवला आहे. हप्ता आला की पैसे परत करायचे, पुढच्याला जायचे. घरी आम्ही जाऊन आईला समजावले की वर्षभर पोराकडून पैसे मागू नका. त्या माउलीला तो काय खातो हे कोणी सांगितलेच नव्हते. ती रडली, आणि आम्ही निघताना हुलग्याचे पीठ बांधून दिले, "त्याला पाठवता येतं का बघा" म्हणून. माडगं कसं करायचं ते तिनेच फोनवर मुलाला सांगितलं. पहिल्या खेपेला गुठळ्या झाल्या.

आणि निघण्याआधी स्वयंपाकाचा वर्ग सुरू केला आहे. विहारात, दर रविवारी, शिष्यवृत्तीची यादी लागली की. मुलग्यांना सक्ती, मुलींना ऐच्छिक. शिकवायला वस्तीतल्या दोन आज्या आणि एक निवृत्त मेसवाले काका. भाकरी शिकवतो, पण ती शेवटी. पहिल्या दिवशी पुलाव असतो, कारण साताऱ्यातल्या चार पोरांना तोच आधी जमला होता. येत्या रविवारच्या वर्गाला तांदूळ कोण आणणार ते ठरले आहे. मटणाचे अजून ठरायचे आहे.